पायलट व्हायचंय? जमिनीचा इसार घेण्याआधी पोराची वैद्यकीय तपासणी करून घ्या

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या बाजारपेठेत 'पायलट व्हा' असे बोर्ड दिसू लागतात. निळं आभाळ, पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि खाली मोबाइल नंबर. सेमिनारला गेलेल्या बापाच्या कानावर आधी फीचा आकडा पडतो. घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात रस्त्याकडेचा दोन एकराचा तुकडा काढायचा हिशोब सुरू झालेला असतो. विमान चालवणारी माणसं मात्र क्रम उलटा सांगतात. आधी शरीर, मग अभ्यास आणि पैसा सगळ्यात शेवटी.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, देते केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. या परवान्यासाठी दोन तपासण्या लागतात, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडूनच त्या कराव्या लागतात, गावातल्या दवाखान्याचा दाखला चालत नाही. डोळे, कान, हृदय, रक्त, साखर सगळं बघतात. चष्मा असला की पायलट होता येत नाही, हा आपल्याकडचा गैरसमज आहे. नंबर मर्यादेत असेल आणि चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं. खरी अडचण येते ती रंग ओळखण्यात. लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्या मुलाला शेतात, शाळेत कधी कळतही नाही की आपल्या नजरेत काही कमी आहे, आणि तिथेच गाडी अडते. तपासणीला काही हजार रुपये जातात. लाखो रुपये भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा ते हजार आधी गेलेले बरे. आणि ही तपासणी एकदाच होत नाही. नोकरी लागल्यावरही क्लास वन दरवर्षी टिकवावं लागतं, नाहीतर विमानात पाय ठेवता येत नाही.

वयाची अट 18 वर्षांची. शिक्षणात बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, अशी अट वर्षानुवर्षं आहे. कला, वाणिज्यच्या मुलांसाठी ती काढावी अशी चर्चा 2025 पासून जोरात आहे. म्हणून प्रवेश घेताना डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम बघावा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

गणित कशाला लागतं, असं मुलं विचारतात. विमान ताशी 100 नॉटने चाललंय आणि आडवा वारा 20 नॉटचा आहे. नाक वाऱ्याकडे थोडं वळवून दिशा दुरुस्त केली नाही, तर तासाभरात विमान सुमारे 37 किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. आपल्याकडे हे अंतर म्हणजे सरळ दुसरा तालुका. उन्हाचंही तसंच. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी लहान विमान सकाळसारखं उचलत नाही. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणं पहाटे-सकाळी उरकून घेतात.

हे सगळं डीजीसीएच्या लेखी परीक्षांत येतं. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय. पास व्हायला प्रत्येक पेपरात 70 टक्के लागतात. बारावीनंतर नोंदणी करून या परीक्षा उड्डाण सुरू होण्याआधीही देता येतात, हे फार कमी पालकांना माहीत असतं. पोराला खरंच झेपतंय का, ते इथे स्वस्तात कळतं. दोन-तीन पेपर निघाले की मग फीचं बघावं.

मग येतं उड्डाण. परवान्यासाठी 200 तास लागतात. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, थोडे रात्रीचे, थोडे नुसत्या उपकरणांकडे बघून. आपल्या राज्यात गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव, नागपूर इथे प्रशिक्षण होतं. बहुतेक ठिकाणी सेसना 172 सारखं चार आसनी, एका पंख्याचं विमान असतं. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. एक किलोमीटर उंचीवरून हे विमान इंजिनाशिवाय साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. शिकवणारा मध्येच इंजिनाचा जोर कमी करतो आणि विचारतो, आता कुठे उतरवशील? वीजतारा नसलेलं, सपाट, मोकळं रान मुलाने लगेच दाखवायचं असतं. शेतकऱ्याच्या पोराला यात थोडा फायदा असणारच, उसाचा फड आणि कापणी झालेलं रान वरूनही त्याला वेगळं कळतं.

पण धोका नाहीच, असंही कोणी सांगू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं. त्यामुळे संस्था बघताना इमारत, वसतिगृह बघू नका. चालू विमानं किती, मुलं किती, शिकवणारे किती, आणि मागच्या तुकडीला 200 तास पुरे करायला किती महिने लागले, ते विचारा. बोर्डावर वर्ष-दीड वर्ष लिहिलेलं असतं. पावसाळा, धुकं, विमान दुरुस्तीला, असं करत दोन-तीन वर्षंही जातात, आणि तोवर व्याज चालूच असतं. फी एकरकमी देऊ नये, जेवढे तास झाले तेवढा हप्ता द्यावा. 2025 पासून डीजीसीए या संस्थांची क्रमवारीही लावते, तीही पाहावी.

पैशाचं बोलायचं तर परवान्यापर्यंत पन्नास लाखांच्या आसपास जातात, कुठे कमी, कुठे जास्त. एवढ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि इथे शेतकरी अडतो. शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नाही, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याने जमीन विकता येत नाही. म्हणून बऱ्याच बँका शेती तारण घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा घर मागतात. मग उरतो सावकार, नाहीतर विक्री. त्याआधी दोन दारं ठोठावावीत. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते. फी तिथेही लागते, पण कारभार सरकारी आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योतीने वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. नवी जाहिरात कधी निघते, त्यावर लक्ष ठेवावं.

परवाना हातात आला की नोकरी लागली, हा सगळ्यात महागात पडणारा समज. 200 तास सेसना उडवलेल्या मुलाला कोणी एअरबस देत नाही. त्यासाठी त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, टाइप रेटिंग, घ्यावं लागतं आणि त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली, ते आकडे सेमिनारमध्ये हमखास ऐकवतात. किंगफिशर 2012 मध्ये, जेट एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये बंद पडली, हे कोणी ऐकवत नाही. त्या वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले कॅप्टन नोकरीच्या रांगेत होते, नव्या मुलांचा नंबर त्यांच्या मागे. टंचाई असते ती बहुतेक वेळा अनुभवी कॅप्टनांची. कॅप्टन व्हायला जो वरचा परवाना लागतो, त्यालाच 1500 तास हवेत.

नोकरीत पगार चांगला, सुरुवातीलाच महिन्याला लाखाच्या पुढे. पण रात्री-अपरात्रीच्या फेऱ्या, सणाला घरी नाही, वर्षाला उड्डाणाची मर्यादा 1000 तास, उड्डाणाआधी 12 तास दारूचा थेंब नाही आणि श्वासाची तपासणी. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, ती नापास झाली की घरी. ऑटोपायलट सगळं करतो म्हणतात, पण तो सांगितलेलं करतो. हवामान बघून कुठे वळायचं, कधी उतरायचंच नाही, हे माणूस ठरवतो. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून एअरबसची दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हातात घेतलं, सहवैमानिक स्काइल्स यांनी इंजिन पुन्हा सुरू करायची यादी उघडली. साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीवर उतरलं आणि 155 च्या 155 माणसं वाचली. सलेनबर्गर यांच्या गाठीला तेव्हा जवळपास 20 हजार तास होते.

मुलींना यात जागा आहे का, असं गावात अजूनही विचारतात. नोव्हेंबर 1985 मध्ये कोलकाता ते सिलचर हे विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन या दोघींनी नेलं, सगळा कर्मचारीवर्ग महिलांचा होता.

मेडिकलला अडकलं किंवा पैसे जमले नाहीत, तर विमानतळावर इतर कामंही आहेत. विमान दुरुस्तीच्या अभियंत्याचा परवाना वेगळा असतो, त्याचा खर्च उड्डाणापेक्षा बराच कमी. हवाई वाहतूक नियंत्रकाची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण परीक्षेतून करतं. त्याला अभियांत्रिकी पदवी किंवा भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी चालते आणि प्रशिक्षण प्राधिकरणच देतं.