धुराड्याचा माथा

साताऱ्या-सांगलीच्या जुन्या वाड्यांत मृगापूर्वीं कौलांची शाकारणी होते. धुराड्याच्या माथ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. चूल आतां सणावारींच पेटते, मग त्याची चिंता कशाला, असें आपण म्हणतों. खरा घोटाळा येथेंच आहे. नित्याच्या चुलीची ऊब धुराडें कोरडें ठेवीत असे. ती ऊब गेली आणि ओल भिंतींत मुरूं लागली.

माथ्याच्या गिलाव्यास बाहेरच्या बाजूस उतार असावा व कड भिंतीपुढें थोडी यावी, म्हणजे पागोळी दूर पडते. भेग दिसल्यास ती खरवडून, पाण्यानें भिजवून, चुन्यानेंच भरावी आणि वर ओलें गोणपाट घालावें. जुन्या चुन्यावर सिमेंट थापूं नये. तें ताठर असल्यामुळें कडेनें सुटतें आणि आंत शिरलेलें पाणी कोंडून धरतें. हें काम वैशाखांतच उरकावें. पांखरांचें घरटें असल्यास पिलें उडून गेल्यावर तेंहि काढावें. कोंडलेला धूर जिवावर बेततो.

२००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णेचें पाणी सांगलींत शिरलें, तें साऱ्यांनीं पाहिलें. वरून थेंबाथेंबानें येणाऱ्या पाण्याचा गाजावाजा होत नाहीं. तुळई कुजते, तेव्हांच तें कळतें.