रक्ताच्या एका थेंबातले साठ कोटी कण

विळीवर बोट कापलं की रक्ताचा थेंब वर येतो. आकाराने तो जेमतेम ०.०५ मिलिलिटर. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. अडीच लाख धरल्या, तरी त्या थेंबात सव्वा कोटी प्लेटलेट्स भरतात. प्रत्येकीच्या पोटात ५० ते ८० अल्फा कण. म्हणजे एका थेंबात साठ कोटींहून जास्त कण, आणि या कणांत साठवलेले असतात ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना कामाला लावणारी प्रथिनं. हा साठा कधी आटत नाही, कारण अस्थिमज्जा दिवसाला सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स घडवते; सेकंदाला अकरा लाखांहून अधिक!

जखम होताच हे कण रिकामे होऊ लागतात. त्यांतला पीडीजीएफ हा ग्रोथ फॅक्टर फायब्रोब्लास्ट पेशींना बोलावतो, टीजीएफ-बीटा त्यांच्याकडून कोलॅजन विणून घेतो, व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतो आणि ईजीएफ कातडीच्या पेशींना जखमेच्या काठावरून आत सरकवतो.

यांतला ईजीएफ शास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. नवजात पिल्लांना तो टोचल्यावर एरवी दोन आठवड्यांच्या सुमारास उघडणारे डोळे सातव्या दिवशीच उघडले. १९८६ साली कोहेन यांना रीटा लेव्ही-माँटालचिनी यांच्यासह नोबेल मिळालं. हा रेणू अवघ्या ५३ अमिनो आम्लांचा. मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम मिळाला, तरी पेशी हलतात. साखरेच्या एका दाण्याचे काही लाख भाग केले, तर त्यातल्या एकाचं वजन नॅनोग्रॅमभर भरेल. पण नॅनोग्रॅमभर ईजीएफमध्ये रेणू असतात दहा हजार कोटी!

एवढा फौजफाटा असूनही भरलेली जखम तीन आठवड्यांनी मूळ कातडीच्या जेमतेम २० टक्के मजबूत असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांपर्यंत पोचते, पूर्ववत कधीच होत नाही.

मधुमेहींच्या पायावरच्या जुनाट जखमेत तर प्रथिनं तोडणारी विकरं ग्रोथ फॅक्टरचे रेणू काम होण्याआधीच फस्त करतात. मग बाहेरून दिले तर? १९९७ साली अमेरिकेत पीडीजीएफचं जेल मंजूर झालं. त्यात औषध असतं ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा हजारावा भाग. ३८२ रुग्णांवरच्या चाचणीत वीस आठवड्यांत हे जेल लावलेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, औषधाविना नुसतं जेल लावलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांच्या.

हा पंधरा टक्क्यांचा फरक ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्यासाठी तो फार मोठा. पण औषध लावूनही निम्म्या जणांची जखम उघडीच राहिली. शरीरात अनेक ग्रोथ फॅक्टर आपापल्या वेळी, नेमक्या मात्रेत येतात. एकट्याची मात्रा वाढवून ती घडी बसत नाही. म्हणून मधुमेह असेल तर तळपाय रोज पाहावेत आणि साधा फोड दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.