डोळ्यातली लेन्स नेमकी कशाची?

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की काउंटरवरून दरांचा कागद हातात पडतो. ‘इंडियन’, ‘इम्पोर्टेड’, ‘प्रीमियम’ अशी नावं आणि पुढे चढत जाणारे आकडे. घरात चर्चा होते ती देशी घ्यायची की परदेशी, एवढीच. पण जी वस्तू आता जन्मभर डोळ्यात राहणार, ती बनली आहे कशाची, हे क्वचितच कोणी विचारतं.

या वस्तूची सुरुवात युद्धात झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरचं पारदर्शक प्लास्टिक फुटून त्याच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यात शिरत. डोळा एरवी परकी वस्तू सहन करत नाही, पण या कपच्या वर्षानुवर्षं आत राहूनही फारशी आग करत नाहीत, हे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं. ते प्लास्टिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजेच पीएमएमए. त्याच्या अधिक शुद्ध प्रकारापासून लेन्स घडवून रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये ती एका महिलेच्या डोळ्यात बसवली. त्याआधी, आणि नंतरही कित्येक वर्षं, मोतीबिंदू काढलेल्या माणसाच्या नशिबी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा असे.

पीएमएमए टिकाऊ, स्वच्छ आणि स्वस्त. त्याचा इतिहासही सर्वांत मोठा. अडचण एकच, ते वाकत नाही. लेन्सचा मधला गोल भाग साधारण 6 मिलिमीटरचा, म्हणजे छेदही जवळपास तेवढाच हवा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने 1992 पासून अशा लेन्स परदेशी किमतीच्या अगदी थोड्या हिश्श्यात बनवल्या, आणि गरिबालाही लेन्स परवडू लागली. तेवढ्या छेदाच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनात ती आजही चोख काम देते.

पुढे फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याच्या तंत्रामुळे तो अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून निघू लागला, तेव्हा घडी होणारी लेन्स हवी झाली. आधी आली सिलिकॉनची. ती आत जाताच झटक्यात उलगडते, त्यामुळे सर्जनला ती सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय पुढे पडद्याच्या ऑपरेशनसाठी डोळ्यात सिलिकॉन तेल भरावं लागलं, तर ते या लेन्सला चिकटून बसतं. म्हणून तिचा वापर ओसरला.

आज खरी निवड ॲक्रिलिकच्या दोन जातींत आहे. हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी धरणारी. तिच्यात साधारण पाव हिस्सा पाणीच असतं. कोरडी असताना ती कडक असते. तशीच यंत्रावर कोरतात, मग पाण्यात मुरवून मऊ करतात. म्हणून ती द्रवात बुडवलेल्या डबीतून येते. बारीक छेदातून सहज जाते, किंमतही आवाक्यातली. उणीव अशी की क्वचित तिच्यावर कॅल्शियमचा थर साचून ती धुरकट होते. बुबुळाच्या किंवा पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात हवा वा वायू भरला, तर हा धोका वाढतो. असा थर पुसता येत नाही, लेन्सच बदलावी लागते.

दुसरी हायड्रोफोबिक, पाणी जवळजवळ न धरणारी. ती सावकाश उलगडते, त्यामुळे सर्जनला ती नीट बसवायला उसंत मिळते. लेन्समागचं पातळ आवरण काही महिन्यांनी वा वर्षांनी गढुळतं, ज्याला लोक ‘पुन्हा मोतीबिंदू आला’ म्हणतात, ते या लेन्सवर तुलनेने कमी होतं. त्याचं बरंचसं श्रेय मागच्या चौकोनी धारदार कडेलाही जातं. ती कड पेशींना मध्यभागी सरकू देत नाही. आवरण गढुळलंच तर याग लेझरने काही मिनिटांत मोकळं करतात. काही हायड्रोफोबिक लेन्सांत सूक्ष्म पाण्याचे चमकते थेंब दिसतात, पण बहुतेकांच्या नजरेला त्याने बाधा येत नाही.

आणि मोनोफोकल, मल्टिफोकल, टोरिक? हे सारे नंबर बसवण्याचे प्रकार, पदार्थाचे नव्हेत. दरपत्रकातले आकडे बहुधा यामुळेच फुगतात.

तेव्हा ‘इंडियन की इम्पोर्टेड’ हा प्रश्न सोडा. पदार्थ कोणता, कड चौकोनी आहे का, आणि मधुमेह किंवा पडद्याचा आजार असेल तर माझ्या डोळ्याला ती चालेल का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. आणि ऑपरेशननंतर लेन्सचं नाव, नंबर असलेलं स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. उद्या दुसऱ्या डॉक्टरांना त्याचीच गरज पडेल.