काट्यावरचा संगणक अडतो तेव्हा



गळीत ऐन भरात असताना एका मध्यरात्री काट्यावरच्या संगणकाचा पडदा एकाएकी निळा झाला. वर इंग्रजी मजकूर, खाली टक्के मोजणारा आकडा. बाहेर ट्रॉल्यांची रांग, त्यामागे बैलबंड्या. भरल्या ट्रॉलीचे वजन झालेले, रिकामीचे बाकी. सेलूकडचे एक सभासद खिडकीशी आले आणि म्हणाले, "भाऊ, माह्या उसाचं वजन गेलं काय?"

प्रश्न रास्त होता. तोडलेला ऊस ताटकळला की वजनात घटतो, उताराही पडतो. त्यात नोंदच गेली तर वर्षाची मेहनत दाखवायची कोणाला? आमची गडबड उडाली आणि घाईत एकाने मेन स्विच पाडला. तीच चूक झाली. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

विंडोजला आतून न सावरणारा बिघाड दिसला की ती काम आणखी बिघडू नये म्हणून स्वतःच थांबते. थांबताना त्या क्षणी मेमरीत काय होते ते डिस्कवर उतरवते आणि पुन्हा सुरू होताना त्याची 'मेमरी.डीएमपी' नावाची फाईल तयार करते. हिलाच डंप म्हणतात. हा संगणकाने स्वतःच लिहिलेला पंचनामाच समजा. टक्के शंभरावर जाण्याआधी वीज तोडली की पंचनामा अर्धवट राहतो. नुसती वीज गेल्याने संगणक बंद पडला, तर पंचनामा होतच नाही.

हा पंचनामा वाचण्याजोगा आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टचे 'डंपचेक' नावाचे फुकट मिळणारे साधन सांगते. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या चौकटीत हुकूम टाईप करायचा: आधी 'डंपचेक', मग जागा सोडून फाईलचा पूर्ण पत्ता. फाईल धड असेल तर विंडोजची आवृत्ती, संगणक केव्हा थांबला, त्याआधी किती वेळ चालू होता आणि बिघाडाचा क्रमांक, एवढे समोर येते. मोडकी असेल तर तसे कळते. आमची त्या रात्रीची फाईल मोडकी निघाली.

एक ध्यानात घ्यावे, डंपचेक गुन्हेगार पकडून देत नाही. कागद पुरा आहे का, एवढेच तो पाहतो. पुढचा तपास इंजिनिअरचा.

आठ दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी कोणी स्विचला हात लावला नाही. फाईल धड मिळाली. नवा डंप जुन्यावर चढतो, म्हणून तिची प्रत लगेच बाजूला ठेवली. तपासात काटा निर्दोष ठरला. काट्याचा आकडा संगणकात आणणाऱ्या जोडणीचा जुना ड्रायव्हर दोषी निघाला. तो बदलला. काट्यावरची कुजबुजही थांबली.

असे मोठमोठ्यांचेही होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष फाईलीने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथेही असेच डंप तपासले गेले, तेव्हा त्या कंपनीच्या ड्रायव्हरने मेमरीची हद्द ओलांडल्याचे दिसले.

आता सभासदांसाठी चार गोष्टी. पडदा निळा दिसला (नव्या विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा असतो) तर घाई करू नका, करू देऊ नका. तोवर हाताच्या रजिस्टरात वजन लिहून घ्या व दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. भरल्या व रिकाम्या गाडीच्या वजनाची पावती जपून ठेवा. आणि डंपची फाईल कोणी मोबाईलवर मागितली तर ती देता येत नाही, हे समजून घ्या. मेमरीत सभासदांची नावे, खातेक्रमांकही असू शकतात.

राहिला त्या सभासदांचा प्रश्न. आधी जतन झालेली वजने वेगळ्या जागी सुरक्षित होती. त्यांची भरली ट्रॉली त्यांच्यासमोर पुन्हा तोलली, रजिस्टरात लिहिली, सही घेतली. पहाटे रिकामी ट्रॉली तोलून पावती खिशात घालूनच ते घरी गेले.