मुलांचे पहिले शिवणयंत्र

घरातील एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगी आईच्या जुन्या साडीचे तुकडे गोळा करून बाहुलीचे परकर शिवू लागते. बोटास सुई टोचते, तरी हातचे काम खाली ठेवीत नाही. मंडळींस कौतुक वाटते आणि कोणीतरी म्हणते, 'हिला एक शिवणयंत्र आणून द्या.' येथवर सर्व ठीक असते. पुढचा विचार मात्र बहुधा असा होतो की, मूल लहान, तेव्हा यंत्रही लहान असावे. हात शिकाऊ, तेव्हा यंत्र स्वस्त असावे. आणि छंद टिकेल की नाही याचा भरवसा नाही, तेव्हा फार खर्चात पडू नये. तिन्ही गोष्टी व्यवहाराच्या दिसतात. त्यांच्या जोरावर घरात एक प्लॅस्टिकचे, चार सेलांवर चालणारे यंत्र येते. चौथ्या दिवशी त्यात दोरा गुंततो, आठव्या दिवशी ते माळ्यावर जाते, आणि मुलगी म्हणते, 'मला शिवण जमत नाही.'

तिचे हे वाक्य खोटे असते. पण ते खोटे आहे हे कळण्याचा मार्ग तिच्यापाशी नसतो. ज्यास शिवण येते त्यास यंत्र चुकले की हात चुकला, हे टीप पाहताच समजते. नवख्यास प्रत्येक गुंता आपलाच वाटतो. यंत्राचा दोष अशा रीतीने मुलाच्या खाती जमा होतो. निष्णात शिंप्याचे एक वेळ वाईट यंत्रावर भागेल. शिकाऊ मुलाचे मुळीच भागत नाही. म्हणजे वरच्या तीन विचारांपैकी दुसरा विचार अगदी उलटा आहे.

हे पटण्यासाठी यंत्र शिवते कसे, हे थोडे पाहिले पाहिजे. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकास असते; यंत्राच्या सुईचे ते अणीपाशी असते. सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते आणि किंचित वर येऊ लागताच तिच्या पाठीशी दोऱ्याचा लहानसा फासा सुटतो. त्याच क्षणी खाली फिरणाऱ्या शटलाचे टोक त्या फाशात शिरते, तो ओढून बॉबिनभोवती फिरविते, आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो. मग वरची दांडी दोरा खेचून घेते व गाठ दोन कापडांच्या मध्ये लपते. ही दुहेरी दोऱ्याची टीप होय. अमेरिकेत इलायस हाऊ याने १८४६ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या सुधारलेल्या यंत्राचे घेतले. आजचे महागातले महाग यंत्रही मुळात हेच करते.

आता यातील नाजूक जागा कोणती? सुई आणि शटलाचे टोक यांच्यामध्ये जेमतेम केसाएवढे अंतर असते, आणि दोघांची गाठ नेमक्या क्षणी पडावी लागते. दांडा जरा डगमगला, प्लॅस्टिकचे दाते जरा झिजले, सुई जाड कापडावर जराशी वाकली, की टोक फाशाशेजारून निघून जाते आणि टाका गळतो. सेलांवर चालणाऱ्या लहान यंत्रात नेमका हाच भाग कच्चा असतो. त्याच्या मोटारीस चार पदरी कापड पेलत नाही, टाक्याची लांबी बहुधा बदलता येत नाही, आणि वजन इतके कमी की शिवता शिवता यंत्रच मेजावर सरकू लागते. हातात धरून चालवावयाचे जे कागद टाचण्याच्या यंत्रासारखे साधन बाजारात मिळते, ते तर एकाच दोऱ्याची साखळी-टीप घालते. तिचे शेवटचे टोक नीट बंद केले नाही आणि ते ओढले गेले, की सगळी शिवण सरसर उसवते.

एवढ्यावरून खेळण्यातील यंत्र म्हणजे सदैव फसवणूक, असे मात्र समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंगर कंपनीने मुलांकरिता '२०' क्रमांकाचे एक चिमुकले यंत्र काढले होते. तेही साखळी-टीपच घालीत असे. पण ते धातूचे होते, हाताने फिरवावयाचे होते, आणि बाहुलीचे कपडे खरोखरच शिवीत असे. आजच्या लहान यंत्रांत तो प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

मग मुलास द्यावे काय? आठ ते अकरा वर्षांच्या मुलाकरिता सर्वांत चांगले यंत्र बहुधा नवे नसतेच. ते आजीच्या खोलीत, लाकडी पेटीखाली झाकलेले असते. काळे, जड, सोनेरी वेलबुट्टीचे, उजवीकडे मुठीचे हँडल असलेले हातयंत्र. ज्यांच्या घरी ते नाही त्यांस तशाच घाटाचे नवे यंत्र दुकानात अजूनही मिळते. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात 'उषा' यंत्रे काढण्यास आरंभ केला, तेव्हापासून देशी बनावटीची अशी यंत्रे घरोघरी गेली आहेत. गांधीजींनीही १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्रास आपल्या आक्षेपांतून वगळले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते शोधून काढले, अशी हृद्य कथा त्यांनी त्या वेळी सांगितली. वस्तुतः ती कथा सिंगरपेक्षा हाऊला अधिक शोभते. दारिद्र्याच्या दिवसांत घर चालविण्यासाठी शिवणकाम करीत असे ती हाऊची पत्नी. असो.

हातयंत्राचा मोठा गुण म्हणजे ते मुलाच्या विचारापुढे धावत नाही. बहुतेक हातयंत्रांत हँडलाच्या एका फेऱ्यात सुमारे तीन टाके पडतात. मुलाने हात थांबविला की सुई थांबते. कोपरा आला की अर्धा फेरा देऊन सुई कापडात रोवावी, दाबपट्टी उचलावी, कापड वळवावे आणि पुन्हा पुढे जावे. कोठेही घाई नाही. शिवाय उजवा हात हँडलावर गुंतलेला असल्यामुळे सुईजवळ एकच हात राहतो, आणि तोही आपल्याच गतीने चालणाऱ्या सुईजवळ. बोट सुईखाली जाण्याची भीती याने पुष्कळ कमी होते. नाहीशी मात्र होत नाही, म्हणून मोठे माणूस शेजारी बसलेले असावेच. डावखुऱ्या मुलाची काळजी करण्याचे कारण नाही. कापड वळविण्याचे कौशल्याचे काम येथे डाव्या हाताकडेच असते.

पायाने चालवावयाच्या यंत्रात दोन्ही हात मोकळे राहतात, हे खरे. परंतु लहान मुलाचे पाय पायट्यावर सपाट टेकत नाहीत. आणि बहुतेक यंत्रांत चाक आपल्याकडे फिरावे लागते, ते नवख्या पायाने उलट फिरले की दोरा तुटतो. ही कला बारा-तेराव्या वर्षी सहज साधते. काळ्या यंत्राची सोय अशी की, तेच यंत्र पुढे पायट्याच्या टेबलावर बसविता येते, आणि वाटल्यास त्यास लहानशी मोटारही जोडता येते. पहिल्याच वर्षी मोटार मात्र जोडू नये. अशा जोडमोटारीचे पायडल हलके दाबावे आणि यंत्राने एकदम भरधाव सुटावे, असा अनुभव पुष्कळांस येतो.

हातयंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते सरळ टीप घालते. नागमोडी घालीत नाही. आजचे मुलांचे बहुतेक कपडे विणीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाचे असतात, आणि तशा कापडावर सरळ टीप घातली तर अंगात घालताना ती तटतट तुटते. ज्यास असे कपडे शिवावयाचे आहेत, किंवा जो नवशिक्या वयाने मोठा आहे, त्याने साधे विजेचे यंत्र घ्यावे. या ठिकाणी दुकानदार टाक्यांच्या नक्षीची संख्या सांगू लागतो: एकवीस, चाळीस, शंभर. ती ऐकून घ्यावी आणि सोडून द्यावी. सरळ, नागमोडी, उलट टीप आणि काज एवढ्यांवर घरचे जवळजवळ सर्व शिवण होते. विचारावयाचे ते हे की, पायडल अगदी हलके दाबल्यावर यंत्र एकेक टाका टाकीत चालते काय? कमाल वेग बांधून ठेवण्याची सरकपट्टी आहे काय? बॉबिन वरून बसते आणि झाकण पारदर्शक आहे काय? असल्यास खालचा दोरा संपत आल्याचे दिसते, आणि अर्धा हात बिनदोऱ्याची शिवण घालण्याचा हिरमोड टळतो.

दुकानात यंत्र चालवून दाखवितात ते बहुधा कडक खळीच्या, दुहेरी घडीच्या कापडावर. अशा कापडावर कोणतेही यंत्र गुणी दिसते. खरेदीस जाताना घरून तीन तुकडे न्यावेत: एक मलमलीचा, एक मांजरपाटाचा, आणि एक जुन्या जीनच्या पायाची शिवण असलेला. वर पांढरा दोरा व खाली रंगीत दोरा घालून तिन्हींवर टीप घालावी. चांगल्या टिपेत वरून पांढरा आणि खालून रंगीतच दिसतो. रंगीत दोरा वर डोकावला तर वरचा ताण अधिक आहे. पांढरा खाली लोंबला तर वरचा ताण कमी आहे. ताण फिरवून हे दुरुस्त होत असेल तर यंत्र निर्दोष समजावे, न होत असेल तर ते दुकानातच राहू द्यावे. मलमलीवर टाके गळले तर सुई बारीक लावून पुन्हा पाहावे. बारीक कापडास ११, मध्यम कापडास १४ आणि जाडास १६ क्रमांकाची सुई, हा साधारण हिशेब होय. शेवटी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे. ते कोठेही न अडखळता फिरले पाहिजे.

आजीचे यंत्र माळ्यावरून काढले असेल तर ते प्रथमच जड फिरेल. त्यावरून ते निकामी झाले असे समजू नये. जुने तेल वाळून राळेसारखे घट्ट होते, एवढेच. शिवणयंत्राचे तेल प्रत्येक छिद्रात थेंब थेंब सोडावे, चाक फिरवीत राहावे, रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मळ पुसून पुन्हा तेल द्यावे. खोबरेल वा गोडे तेल कदापि घालू नये. त्यानेच ते पुन्हा चिकटते. मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी. काही फार जुन्या यंत्रांत खालचे शटल होडीच्या आकाराचे आणि बॉबिन लांब काडीसारखे असते. ती यंत्रे सुरेख शिवतात; पण त्यांचे सुटे भाग मिळविताना दमछाक होते. बॉबिन गोल असेल तर चिंता नाही, ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.

यंत्र घरी आले म्हणजे पहिल्या दिवशी त्यात दोरा घालूच नये. वहीच्या रेघी कागदावर नुसत्या सुईने शिवू द्यावे. रेघेवरून भोके पडत गेली की हात सरळ चालला हे मुलास स्वतःलाच दिसते. मग वळणे, मग चौकोन. या कामास जुनी सुई लावावी, कारण कागदाने ती बोथट होते. नंतर दोरा ओवावयास शिकवावे, आणि हे शिकविताना दाबपट्टी वर उचललेली असावी. पट्टी खाली असता ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरत नाही, आणि पहिल्याच टिपेला कापडाखाली दोऱ्याचे जंजाळ होते. जंजाळ खाली दिसते म्हणून मुले, आणि पुष्कळदा मोठी माणसेही, बॉबिन उचकटीत बसतात. चूक असते वरच्या दोऱ्याची. सुई उलट बसविल्यानेही यंत्र शिवीत नाही, हेही याच वेळी दाखवून ठेवावे. आणि विजेचे यंत्र असेल तर दोरा ओवताना व सुई बदलताना बटण बंद.

हे सर्व मुलीस जसे शिकवावयाचे तसेच मुलासही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाजारात बसून शिवणारे शिंपी पुरुषच होते, तरी घरात मात्र मुलाने यंत्राला हात लावला की लोक हसतात, ही मौजच म्हणावयाची. पहिले काम उशीच्या अभ्र्याचे असावे. त्यास चारच सरळ शिवणी लागतात आणि तो त्याच रात्री वापरता येतो. दुसरे बाजाराच्या पिशवीचे. झबले, परकर यांचा विचार तिसऱ्या महिन्यात करावा. बाहीची वळणे त्याहून मागाहून. पिशवीचे बंद पहिल्या भाजीखरेदीतच तुटले, तर ते आईने शिवून देऊ नयेत. मुलासच यंत्रापुढे बसवावे आणि बंदाच्या बुडाशी टिपेचा एक चौकोन, त्यात एक फुली, असे घालावयास सांगावे.