क्षणभर थांबलेली लेखणी

पेढीवरील मुनीम आलेली रक्कम प्रथम रोजकीर्दींत मांडतो व मागाहून ती खतावणींत चढवितो. रोजकीर्द लिहून झाली आहे, पण खतावणी व्हावयाची आहे, अशा वेळीं कोणी दोन्ही वह्यांची नक्कल उतरून नेली, तर तिचें अक्षरन् अक्षर बरोबर असूनहि तिच्यावरून हिशेब जुळणार नाहीं. हल्लीं बँकांचे हिशेब, रुग्णालयांतील नोंदी व कचेऱ्यांचीं दप्तरें संगणकांत असतात. तेथेंहि नक्कल घेतांना हीच अडचण येते. फसलेली नक्कल उघडकीस येते ती बहुधा मूळ दप्तर नष्ट झाल्यावर, म्हणजे तिची खरी गरज लागते त्याच दिवशीं.

संगणकास लिहावयास सांगितलेला मजकूर लागलीच डिस्कवर उतरतो असें नाहीं. काम जलद व्हावें म्हणून तो कांहीं काळ मेमरींत थांबतो. लिनक्स प्रणालींत ही मुदत सामान्यतः सुमारें ३० सेकंदांची असते. शिवाय एका फाइलींत चार ओळींची भर घालावयाची झाली, तरी तो मजकूर, फाइलीची लांबी आणि मोकळ्या जागेचा हिशेब अशा अनेक ठिकाणीं फेरफार करावे लागतात. 'स्नॅपशॉट' म्हणजे एका विवक्षित क्षणींचें डिस्कचें चित्र. तें या फेरफारांच्या ऐन मध्यें घेतलें गेलें, तर वीज अकस्मात् गेल्यावर डिस्कची जी अवस्था होते, तीच त्यांत उमटते. 'जर्नल' नांवाच्या नोंदवहीच्या आधारें फाइल सिस्टीमची रचना बहुधा सावरतां येते. परंतु मेमरींतच राहिलेला मजकूर त्या चित्रांत येत नाहीं.

यावर उपाय म्हणजे फाइल सिस्टीम क्षणभर 'गोठविणें' हा होय. आज्ञा मिळतांच नवें लेखन थोपविलें जातें, मेमरींत साचलेला मजकूर डिस्कवर उतरविला जातो, आणि मग स्नॅपशॉट घेतला जातो. लिहूं पाहणारे प्रोग्रॅम बंद पडत नाहींत. ते नुसते खोळंबतात. लिनक्सवर ही सोय प्रथम एक्सएफएस या फाइल सिस्टीमपुरती होती. २००९ सालीं ती इतर फाइल सिस्टीमनांहि खुली झाली. विंडोजमधील व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सेवा तर फाइल सिस्टीमचें लेखन १० सेकंदांहून अधिक काळ अडवून धरीत नाहीं. एवढ्या अवधींत सबंध डिस्क कशी उतरावी? ती उतरावी लागतच नाहीं. पुष्कळ पद्धतींत, पुढें जो भाग बदलेल तेवढ्याचीच जुनी प्रत जपून ठेविली जाते.

तथापि तीन गोष्टी विसरतां कामा नयेत. एका खात्यांतून ५०० रुपये वजा झाले व दुसऱ्यांत अद्याप जमा व्हावयाचे आहेत, हें फाइल सिस्टीमला कळत नाहीं. म्हणून डेटाबेसलाहि आधीं सूचना द्यावी लागते. दुसरें, जिच्यावर संगणकाची मूळ प्रणालीच चालते, ती फाइल सिस्टीम गोठविली, तर पुनः मोकळी करण्याची आज्ञा देणारा प्रोग्रॅमच अडकून पडण्याचा धोका असतो. तिसरें, त्याच डिस्कवरील स्नॅपशॉट डिस्कबरोबरच नष्ट होतो. त्याची प्रत अन्यत्र हलविली पाहिजे.

शहाणा मुनीम नक्कल देण्यापूर्वी चालू नोंद पुरी करून लेखणी खालीं ठेवतो, आणि नक्कल होतांच ती पुनः उचलतो. लेखणी वेळेवर ठेवणें व वेळेवर उचलणें, या दोहोंवरच नकलेचा खरेपणा आणि पेढीचा व्यवहार अवलंबून असतो.