बिनसांध्याची नक्षी

जयपूरजवळच्या बगरू गावात एका छापकारांनी नुकतीच छापलेली चादर माझ्यापुढे पसरली आणि म्हणाले, "यातला सांधा शोधून दाखवा." ठसा तळहाताएवढा, चादरीवर तो शेकडो वेळा उमटलेला. मी बराच वेळ वाकून पाहत राहिलो. सांधा सापडला नाही. मग त्यांनी लाकडी ठसा उलटा करून दाखवला. कोपऱ्यांत मोहरीएवढे ठिपके कोरलेले होते. पुढचा ठसा टेकवताना हे ठिपके आधीच्या खुणांवर नेमके बसवायचे, वर मुठीचा एक ठोका द्यायचा, की वेल पुढे सरकते. बाह्यरेषेच्या ठशाला तिथे 'रेख' म्हणतात, रंग भरणाऱ्याला 'दत्ता' आणि पार्श्वभूमीच्या ठशाला 'गद'. पार्श्वभूमीला स्वतःचं नाव आणि स्वतःचा ठसा! संगणकावर पार्श्वभूमीच्या नक्ष्या करण्यात माझी वीस वर्षं गेली, पण तिचा एवढा मान मी दुसरीकडे पाहिला नाही.

वेबपानांची कथा थोडक्यात सांगतो. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या १.१ आवृत्तीत पानामागे चित्र लावायची सोय आली. चित्र लहानसंच द्यायचं, ब्राउझर ते आडवं-उभं पुन्हा पुन्हा मांडून पान भरायचा. मोडेम संथ होते, त्यामुळे शंभर पिक्सेलच्या तुकड्यावर अख्खं पान निभावणं ही मोठीच बचत होती. गणितापुरतं एवढंच, की सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन दिशांना पुनरावृत्त करण्याचे सममितीनुसार फक्त १७ प्रकार होतात. फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये ते सिद्ध केलं.

माझा जीव अडकलाय तो हाफ-ड्रॉपमध्ये. एकच चौकट सरळ शेजारी-शेजारी मांडली की फुलाशेजारी फूल येतं, रांगा पडतात आणि भिंत वहीच्या पानासारखी दिसू लागते. तीच चौकट पुढच्या उभ्या पट्ट्यात निम्म्या उंचीने खाली सरकवा. आता फुलाशेजारी दोन फुलांमधली मोकळी जागा येते, आडवी रांग मोडते, नजर तिरकी फिरते आणि लहानशी चौकट मोठी भासते. चित्र तेच, फक्त मांडणी सरकली!

आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत हे रोज घडतं. '१५ ते ८' म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ८. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. सरळ ठिपक्यांवर चार पाकळ्या सहज येतात, मधोमधच्या ठिपक्यांवर सहा. माझी आजी कागदाला भोकं पाडून ठिपके टाकायची. नक्षीची जाळी मी पहिल्यांदा पाहिली ती त्या कागदावर.

इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसचं 'स्ट्रॉबेरी थीफ' (१८८३) हे छापील कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बागेतली स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी त्यावर आहेत. ते छापायला वेळ फार लागे, कारण आधी अख्खं कापड निळीत बुडवायचं, मग ठशाने नको तिथली नीळ उडवायची आणि त्या जागी लाल-पिवळे रंग चढवायचे. पार्श्वभूमी आधी, पक्षी नंतर! या क्रमासाठी मॉरिस मला सगळ्यांत मोठा वाटतो.

संगणकावर कडा जुळवणं सोपं आहे. चित्र निम्म्याने आडवं आणि निम्म्याने उभं सरकवलं की चारही कडा मधोमध येतात, तिथला क्रॉस रंगवून बुजवायचा. खरी कसोटी त्यानंतरची. एका कॅलेंडरसाठी मी केलेल्या वेलीत एक पान इतरांहून जरा गडद होतं. चौकटीत ते सुंदर दिसायचं. मोठ्या कागदावर छापलं तेव्हा त्या पानांचं कुंपण उभं राहिलं, वेल कुणालाच दिसेना. कडा अचूक जुळल्या होत्या, तरी पुनरावृत्ती उघडी पडली. तेव्हापासून नक्षी संपली की मी दहा पावलं मागे जातो आणि डोळे किलकिले करून पाहतो.

तुम्हीही करून पाहा. चौकोनी कागदाच्या मधोमध, कडांना न टेकता, एक फूल काढा. कागदाचे चार सारखे तुकडे कापा, तिरके समोरासमोरचे तुकडे आपसांत बदला, मागून चिकटवा आणि मधली रिकामी जागा दुसऱ्या फुलाने भरा. या कागदाच्या आठ-दहा झेरॉक्स प्रती काढून जमिनीवर मांडा. सरळ शेजारी-शेजारीच मांडा, पट्टे निम्म्याने सरकवले तर कोपऱ्यांवरची फुलं तुटतील.